क्विक-चेंज टूलपोस्ट बसवला तरी टूल दबतं, चॅटर येतो: दोष कुठे शोधायचा आणि घरच्या लेथसाठी परवडणारा टूलपोस्ट कसा निवडायचा

घरच्या छोट्या लेथवरचा चार टूलचा चौकोनी टूलपोस्ट (टूल धरणारा ठोकळा) काढून क्विक-चेंज, म्हणजे टूल होल्डरसकट झटकन बदलता येणारा टूलपोस्ट, बसवला जातो, पहिले काही दिवस बरे जातात आणि मग तीच तक्रार सुरू होते. पार्टिंगला, म्हणजे जॉब (लेथवर धरलेला तुकडा) कापून वेगळा करताना, टूल दबतं आणि थरथरतं (चॅटर), फेसिंग, म्हणजे जॉबचं तोंड सपाट करताना मधोमध टोक उरतं, होल्डर काढून परत लावला की माप हलतं. ‘माल हलका निघाला’ म्हणून दुसरा, महागडा टूलपोस्ट मागवला जातो आणि तोही तसाच वागतो. याचं कारण बहुतेक वेळा टूलपोस्टच्या किमतीत नसतं. एक तर टूलपोस्ट ज्यावर बसतो ती जागा सदोष असते, नाहीतर मशीनच्या मानाने टूलपोस्ट मोठा घेतलेला असतो. म्हणून आधी दोष शोधायचा आणि मग खरेदीचा विचार करायचा. टूलपोस्ट अजून घेतलाच नसेल, तरी जुन्या चौकोनी टूलपोस्टवर ही तपासणी करून घ्या. मशीनमधली ढिलाई नव्या टूलपोस्टने जात नाही.

आधी डायल गेज लावा

लेथ बंद करा, प्लग काढा. डायल गेजचा मॅग्नेटिक स्टँड बेडवर लावा. बेडवर सरकणाऱ्या सॅडलवर लावलात तर सॅडलचीच ढिलाई डायलला दिसणार नाही. टूलपोस्टमध्ये नेहमीचं टर्निंग टूल नेहमीइतकंच बाहेर ठेवून आवळा. आता टूलच्या टोकाजवळ शँकवर (टूलच्या दांड्यावर) तळहाताने जोरात खाली दाबा, कारण कट घेताना टूलवरचा सर्वांत मोठा जोर खालीच येतो. डायलचं टोक उभं ठेवून, तेवढ्याच जोराने दाबत, पाच जागी मोजा: क्रॉस स्लाईडवर (सॅडलवरची आडवी सरकणारी स्लाईड), कंपाऊंडच्या (तिच्यावरची, टूलपोस्ट बसतो ती छोटी स्लाईड) वरच्या सपाटीवर, टूलपोस्टच्या डोक्यावर, होल्डरवर आणि शेवटी शँकवर.

वर जाता जाता आकडा थोडा थोडा वाढणारच. पाहायची असते ती उडी. समजा क्रॉस स्लाईडला ०.०१, कंपाऊंडला ०.०२, टूलपोस्टला ०.०६, होल्डरला ०.०६ आणि शँकला ०.०७ मि.मी. आलं. इथे होल्डर, त्याला घट्ट करणारा पिस्टन, हँडल सगळं ठीक आहे. टूलपोस्टच कंपाऊंडवर नीट टेकलेला नाही. उडी कंपाऊंडवर आली तर गिब पट्टी (स्लाईडमधली ढिलाई काढणारी पट्टी) ढिली आहे किंवा कंपाऊंड बेसच्या फार बाहेर काढलेलं आहे. उडी होल्डरवर आली तर डव्हटेल (होल्डर ज्यात बसतो तो तिरक्या कडांचा सांधा) बघा. उडी फक्त शँकवर असेल तर होल्डरच्या स्क्रूंचं टोक चेपलंय, नाहीतर खाचेच्या तळाशी बर (धातूची उठलेली धार) किंवा चिप (कीस) अडकली आहे.

हात काढल्यावर काट्याकडेही लक्ष द्या. काटा शून्यावर परत आला तर वस्तू लवचिकपणे वाकते आहे किंवा डुगडुगते आहे. परत न येता ०.०२-०.०३ वर अडकून राहिला तर कुठेतरी पृष्ठं एकमेकांवर घसरली आहेत. पहिल्यात बैठक किंवा गिब सुधारायची असते, दुसऱ्यात आवळण.

कंपाऊंडचा दोष सापडला तर बेसच्या पुढच्या कडेशी कंपाऊंडची पुढची कड येईल इतकं ते मागे घ्या आणि गिबचे स्क्रू एकेक करून, दर वेळी हँडल फिरवून बघत, आवळा. फिरवताना हाताला सारखा जडपणा लागला पाहिजे. एका जागी जड आणि दुसरीकडे सैल लागत असेल तर स्लाईड तेवढ्या भागात झिजली आहे. मग जिथे काम करता तिथल्या हिशेबाने आवळा.

टूलपोस्टची बैठक

टूलपोस्टच्या मधला आट्यांचा दांडा, म्हणजे स्टड, कंपाऊंडवरच्या ज्या खाचेतून वर येतो, त्या टी-स्लॉटच्या दोन्ही ओठांवर वर्षानुवर्षं ताण येतो आणि ते किंचित वर उचलले जातात. डोळ्यांना काही दिसत नाही. कंपाऊंड पुसून त्यावर सरळ पट्टी उभी धरा, मागे टॉर्च लावा. कडांजवळ उजेड दिसला आणि मधे स्लॉटपाशी दिसला नाही, तर ओठ वर आलेत आणि टूलपोस्ट त्या दोन रेषांवर होडीसारखा डुलतो आहे. ०.०५ मि.मी. ची फिलर पट्टी (फट मोजायची पातळ पट्टी) टूलपोस्टच्या चारही कडांखाली घालून बघा. एका बाजूला जरी आत गेली तरी बैठक सुधारायलाच हवी. टूलपोस्टच्या बुडाला ब्ल्यू (खुणेचा निळा रंग) लावून, तो हलकेच ठेवून उचला आणि जिथे जिथे निळे डाग उमटले तेवढाच भाग बारीक ऑइलस्टोनने किंवा स्क्रेपरने उतरवा. फाईल लावू नका. फाईलने मधला उंचवटा जातो आणि दोन कडा खाली पडतात.

आणखी एक चूक कंपाऊंडच फोडू शकते. बाहेरून येणाऱ्या बऱ्याच टूलपोस्टबरोबर टी-नट (टी-स्लॉटमध्ये बसून स्टड धरणारा नट) मशीन न केलेला, नुसत्या ठोकळ्यासारखा येतो. तो आपल्या स्लॉटच्या मापाने कापून घ्यायचा असतो. त्याची मान स्लॉटमध्ये हलकी सरकेल इतकी रुंद आणि कंपाऊंडच्या सपाटीपेक्षा निदान ०.३ मि.मी. खाली राहील इतकी उंच ठेवा. मान वर आली तर टूलपोस्ट कंपाऊंडवर न टेकता टी-नटवरच आवळला जातो. नट कितीही पिळा, पोस्ट फिरतच राहतो. दुसरं म्हणजे स्टड टी-नटच्या आरपार जाऊन स्लॉटच्या तळाला टेकता कामा नये. टेकला की तो जॅकसारखं काम करतो आणि बिडाचे ओठ वर ढकलून तडकवतो. टी-नटला खालचे दोन आटे पाडूच नका, किंवा आरपार आटे असतील तर खालच्या तोंडाशी पंच मारून आटा बंद करा. मिलिंग नसेल तर हा नट चार जॉच्या चकमध्ये उलटसुलट धरून फेसिंगने बनवता येतो. हॅकसॉ आणि फाईलनेही होतो, फक्त एक दुपार जाते.

स्टड आणि टूलपोस्टच्या भोकात दोन-तीन मि.मी. मोकळीक असेल तर बुश (नळीसारखी कडी) टर्न करून घाला. बुशने ताकद वाढत नाही. टूलपोस्ट काढून परत लावला की जागेवर येतो, एवढाच फायदा. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या लेथांवर टी-स्लॉट नसतोच. चौकोनी टूलपोस्टसाठी कंपाऊंडवर जाड स्टड आणि त्याभोवती उचललेली गोल कडी असते, शेजारी इंडेक्सिंगची पिन. तिथे कडी सँडरने उडवण्याच्या भानगडीत पडू नका. कडीच्या मापाचं भोक असलेली, दोन्ही बाजूंनी ग्राइंड केलेली एम.एस. (साध्या पोलादाची) प्लेट खाली घाला. अर्थात, ती प्लेट घालण्याइतकी उंची शिल्लक असेल तरच. आणि टूलपोस्ट निवडताना सगळं या उंचीवरच अडतं.

टूलपोस्टचा आकार: स्विंगवर जाऊ नका, ही उंची मोजा

विक्रेते आकार सांगतात तो लेथच्या स्विंगवरून (लेथवर फिरू शकेल असा सर्वांत मोठा व्यास). अ‍ॅलोरिस (एक अमेरिकी कंपनी) पद्धतीच्या टूलपोस्टमध्ये ० एक्सए हा साधारण २०० मि.मी. स्विंगपर्यंत, एएक्सए १५० ते ३०० आणि बीएक्सए २५० ते ३८० मि.मी. पर्यंत. आपल्याकडे गफलत अशी होते की लेथ विकताना साडेचार फुटी, सहा फुटी अशी बेडची लांबी आणि ‘सेंटर हाईट’ सांगतात, स्विंग सांगत नाहीत. सेंटर हाईट, म्हणजे बेडपासून स्पिंडलच्या मध्यापर्यंतची उंची, १६५ असेल तर स्विंग ३३०. उलट बाजूने, १८० स्विंगच्या मिनी लेथची सेंटर हाईट ९० असते. एक आकडा दुसऱ्याच्या जागी धरला की एक अख्खा आकार चुकतो.

त्यामुळे स्विंगचा तक्ता फक्त अंदाजापुरता धरा. नेमका आकडा हा: कंपाऊंडच्या वरच्या सपाटीपासून स्पिंडलच्या मध्यापर्यंतची उंची. चकमध्ये एक सळई धरून १ मि.मी. कट घेऊन टर्न करा, म्हणजे ती स्पिंडलशी नक्की समकेंद्री होईल. तिचा व्यास मायक्रोमीटरने मोजा. कंपाऊंडच्या सपाटीवर हाईट गेज ठेवून सळईच्या माथ्यापर्यंतची उंची घ्या आणि त्यातून अर्धा व्यास वजा करा. सळई २० ची आणि माथा ३७ वर असेल तर आपली उंची २७. हाईट गेज नसेल तर व्हर्निअरच्या डेप्थ पट्टीने, थोडं सांभाळून, हेच माप मिळतं.

आता होल्डरच्या खाचेच्या तळाची जाडी घ्या. समजा ती १४ आहे. १२ चौरस शँकच्या इन्सर्ट टूलमध्ये (बदलता येणारं कापणारं पातं बसवलेलं टूल) टोक शँकच्या वरच्या पातळीवरच असतं, म्हणजे होल्डर कंपाऊंडला टेकला तरी टोक १४ अधिक १२, २६ वर. आपल्याला २७ हवं, १ मि.मी. गाळा उरला, जमलं. त्याच होल्डरमध्ये १६ ची शँक घातली तर टोक ३० वर, सेंटरच्या ३ मि.मी. वर, आणि खाली आणायला वावच नाही. इथे लोक शँकचं बूड ग्राइंड करतात किंवा होल्डरचा तळ मिल करतात. दोन्ही करता येतं, पण होल्डर पातळ केला की डव्हटेलशी असलेली त्याची पकड कमी होते. त्यापेक्षा १२ किंवा १० ची शँक घ्या. घरच्या लेथला एससीएलसीआर १२१२ सारखं टूल आणि त्यात सीसीएमटी ०९टी३०४ इन्सर्ट भरपूर होतं.

उलटी चूकही होते. उंची ४५ असताना छोटा टूलपोस्ट घेतला, तर होल्डर इतका वर उचलावा लागतो की डव्हटेलचा खालचा भागच पकडीत राहतो आणि पिस्टनचा दाब होल्डरच्या तळालगत येतो. डायलच्या तपासणीत होल्डरवर येणारी उडी पुष्कळदा यामुळेच असते. डव्हटेलची निदान पाऊण लांबी गुंतलेली राहिली पाहिजे. नसेल तर टूलपोस्टखाली ग्राइंड केलेली प्लेट द्या.

आडवं मापही एकदा घ्या. चौकोनी टूलपोस्टपेक्षा क्विक-चेंजमध्ये टूल स्टडपासून जास्त लांब जातं, कारण मधे पोस्टची अर्धी रुंदी आणि पूर्ण होल्डर येतो. टूल सेंटरपर्यंत पोचतं का, आणि क्रॉस स्लाईड शेवटापर्यंत मागे घेतल्यावर तुमच्या सर्वांत मोठ्या जॉबच्या बाहेर निघतं का, हे पुठ्ठ्याचा तुकडा कापून मशीनवर ठेवून बघा. मोठा आकार घेऊन बळकटी वाढत नाही. छोट्या कंपाऊंडवर मोठा टूलपोस्ट म्हणजे लांब तरफ, आणि ती तरफ गिब पट्टीच उचकटत राहते.

पिस्टन, वेज की मल्टिफिक्स?

पिस्टनच्या टूलपोस्टमध्ये हँडल फिरवल्यावर गोल पिस्टन पुढे येऊन होल्डरला ढकलतो आणि होल्डर डव्हटेलमध्ये घट्ट होतो. वेजच्या टूलपोस्टमध्ये पाचर सरकते आणि डव्हटेलच्या लांबीभर दाब येतो. वेज चांगला, यात वाद नाही. पण २०० मि.मी. स्विंगच्या आतल्या लेथवर नीट बनवलेला स्टीलचा पिस्टन टूलपोस्ट पुरतो. वाचलेले पैसे होल्डरवर घाला. अ‍ॅल्युमिनियमचा मात्र घेऊ नका. त्याचं डव्हटेल होल्डरच्या कडांनी कोरलं जातं आणि ती झीज दुरुस्त होत नाही.

मल्टिफिक्स पद्धतीत पोस्टला दाते असतात आणि होल्डर ४० जागी, दर ९ अंशांवर, बसतो. कोन बदलायला स्टड ढिला करावा लागत नाही, ही त्याची खरी सोय. होल्डर महाग पडतात, त्यामुळे कमी खर्चाच्या यादीत तो बसत नाही. ब्रिटिश डिक्सन पद्धतीच्या टूलपोस्टमध्ये वेगवेगळ्या कारखान्यांचे होल्डर एकमेकांवर बसतीलच असं नाही. जुना डिक्सन मिळत असेल तर सोबत किती होल्डर मिळतात त्यावर सौदा करा.

तीच गोष्ट सगळ्यांना लागू आहे: खर्च टूलपोस्टवर होत नाही, होल्डरवर होतो. प्रत्येक टूलला स्वतःचा होल्डर असेल तरच ‘क्विक-चेंज’ला अर्थ आहे, एकाच होल्डरमध्ये टूल बदलत राहिलात तर दर वेळी उंची परत लावायची. अ‍ॅलोरिस पद्धतीच्या एएक्सए संचात साधारण दोन टर्निंग होल्डर (२५०-१०१ आणि खाली व्ही खाच असलेला २५०-१०२), एक बोरिंग बारचा, एक पार्टिंगचा आणि एक नर्लिंगचा (पकडीसाठी खरखरीत नक्षी उमटवण्याचा) येतो. नर्लिंगचा होल्डर छोट्या लेथवर बाजूला पडून राहतो, कारण तो जॉबवर एकाच बाजूने जोर देतो आणि तो जोर सगळा क्रॉस स्लाईडच्या स्क्रूवर आणि स्पिंडलच्या बेअरिंगवर जातो. विक्रेता तयार असेल तर त्याऐवजी तिसरा टर्निंग होल्डर मागा. नर्लिंगला दोन्ही बाजूंनी चिमटणारं टूल वापरा.

होल्डर परत लावला की माप हलतं

टूलच्या टोकाला डायल लावा, शून्य करा, होल्डर काढून लावा, असं दहा वेळा करा. ०.०१-०.०२ चा फरक चांगला. ०.०५ च्या वर गेला तर आधी डव्हटेल पुसा, मग उंचीचा नट बघा. होल्डरवरचा तो खरखरीत गोल नट टूलपोस्टच्या माथ्यावर टेकतो. त्याखाली केसाइतकी चिप आली की टूल तेवढंच वर. ब्रशने तिथली चिप झटकायची सवय लावा. नटावर चेक नट (तो जागीच धरणारा दुसरा नट) असेल तर तो आवळलाच पाहिजे, नाहीतर कंपनाने उंची हळूहळू सरकते आणि दोष दुसरीकडे शोधला जातो. होल्डरच्या डव्हटेलच्या कडांना कारखान्यातूनच बर असतो, ऑइलस्टोन फिरवा. हँडल एका होल्डरला घड्याळातल्या दोनवर आणि दुसऱ्याला पाचवर थांबत असेल तर होल्डरच्या मापात फरक आहे. पकड मिळते आहे तोवर वापरायला हरकत नाही, पण हँडल अगदी शेवटच्या टोकाला जाऊन थांबणारा होल्डर परत द्या.

स्वस्त होल्डरचे स्क्रू मऊ असतात. अ‍ॅलन की दोन-चार वेळा फिरली की खाच गोल होते. आटे मि.मी.चे की इंची हे आधी थ्रेड गेजने बघा आणि १२.९ ग्रेडचे ग्रब स्क्रू घाला.

उंची लावताना एवढं लक्षात घ्या

जॉब आणि टूलच्या टोकामध्ये १५० ची स्टील पट्टी उभी, हलकी चेपा. खालचं टोक तुमच्याकडे आलं तर टूल सेंटरच्या वर आहे. वरचं टोक तुमच्याकडे झुकलं तर खाली. नंतर फेसिंग करा. मधे उरलेल्या टोकाचा व्यास ०.४ असेल तर टूल ०.२ ने चुकलंय, नेहमी निम्मं.

बारीक जॉबवर ही चूक का नडते ते आकड्यात बघा. ५० मि.मी. व्यासावर टूल ०.५ मि.मी. वर असेल तर कापण्याचा कोन जेमतेम १ अंशाने बदलतो. तेच ६ मि.मी. सळईवर साडेनऊ अंशांनी. सीसीएमटी इन्सर्टला खालच्या बाजूला सुटका फक्त ७ अंशांची. म्हणजे टूल कापतच नाही, बुडाने घासतं. सळई टूलपासून दूर ढकलली जाते आणि फिनिश खडबडीत येतो. लोक इन्सर्ट बदलतात, नट मात्र फिरवत नाहीत.

पार्टिंगचा चॅटर

वरचं सगळं ठीक करूनही पार्टिंगला लेथ ओरडत असेल तर ब्लेड फक्त जॉबच्या निम्म्या व्यासापेक्षा २-३ मि.मी. जास्त बाहेर ठेवा, सॅडल लॉक करा, काप चकच्या जवळ घ्या. २५ च्या एम.एस. सळईला एचएसएस (हाय स्पीड स्टील) ब्लेडने साधारण १९० आरपीएम, म्हणजे मिनिटाला १५ मीटर. तेल सतत हवं आणि फीड थांबवू नका; ब्लेड नुसतं घासलं की जागा कडक होते आणि पुढचा काप उसळतो. छोट्या लेथला ३ चं ब्लेड देऊ नका, दीड-दोन मि.मी. पुरे.

तरीही नाही जमलं तर कंपाऊंड काढून त्या जागी भरीव ठोकळा बसवा. बिडाचा किंवा इएन ८ पोलादाचा, कंपाऊंडच्याच उंचीचा, खालीवर समांतर ग्राइंड केलेला. थ्रेड किंवा टेपर करायचा असेल तेव्हा कंपाऊंड परत चढवायचं. पुण्यात भोसरी-चिंचवडच्या औद्योगिक भागात सरफेस ग्राइंडिंगचं जॉबवर्क करणारे आहेत. दोन पृष्ठं ०.०२ मध्ये समांतर हवीत, एवढं कागदावर लिहून द्या. टूलपोस्टला जो खर्च करणार होता त्याच्या काही भागात हा ठोकळा होतो, आणि पार्टिंगमध्ये त्याने पडणारा फरक कोणत्याही महाग टूलपोस्टने पडत नाही.

टूलपोस्ट स्वतःच फिरत असेल तर दोन्ही पृष्ठांवरचं तेल थिनरने पुसून मधे साध्या वहीच्या कागदाचा एक तुकडा घाला. पकड वाढते. पान्याला पाइप लावून आवळू नका. टी-स्लॉटचं काय होतं ते वर आलंच आहे.

पुण्यात घेताना

रविवार पेठेतल्या बोहरी आळीत किंवा बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात होल्डर दिसले तर खिशात व्हर्निअर आणि आपला एक होल्डर असू द्या. जुन्या टूलपोस्टमध्ये तीन गोष्टी बघा. हँडल फिरवताना पिस्टन अडखळतो का, डव्हटेलच्या कडांवर नखाला लागेल अशी खाच आहे का, आणि बुडाला वेल्डिंगचे थेंब किंवा हातोड्याचे घाव आहेत का. बुड ग्राइंड करून सुधारतं. डव्हटेल सुधारत नाही.

कंपाऊंडपासून सेंटरची उंची २० मि.मी. च्या आत निघाली तर ० एक्सए बसवतानाही हाल होतात. तिथे चौकोनी टूलपोस्टच ठेवा आणि प्रत्येक टूलला स्वतःची पॅकिंग पट्टी बांधून ठेवा. हॅकसॉचं जुनं ब्लेड ०.६३-०.६५ मि.मी. जाड असतं, दाते घासून दोन-तीन लांबीत तोडा, टूलच्या लांबीइतकीच पट्टी ठेवा, आणि कोणत्या टूलखाली किती पट्ट्या लागतात ते पेंटने शँकवर लिहा.

पावसाळ्यात जूनपासूनच उघड्या डव्हटेलवर तांबूस डाग धरायला लागतात, तळमजल्याच्या गॅरेजमध्ये तर दोन रात्रीत. होल्डर ओळीने फळीवर टांगून, डव्हटेलला स्लाईडवेचं तेल लावून ठेवा. ग्रीस लावू नका. त्यात कीस रुततो, आणि पुढच्या वेळी होल्डर चढवताना तोच डव्हटेलमध्ये चिरडला जातो.